एकाच वेशातले अनेक

धान निसवण्याच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधीत वाकून चुडाच्या बुडाशी नीट पाहावं. काळं डोकं, नारिंगी मान, निळी चकाकणारी पाठ, पुन्हा नारिंगी पोट आणि शेवटी काळं टोक, असा एक किडा तिथे लगबगीने चढता-उतरताना दिसेल. लांबी जेमतेम 7 मिलिमीटर. डिवचला, की पोटाचं टोक वर उचलून दाखवतो. हा रोव्ह बीटल. धानाला खंगवणारे तुडतुडे, त्यांची पिल्लं, बारीक अळ्या हे त्याचं खाणं, म्हणजे शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार. हाच राखणदार रात्री घरातल्या बल्बवर येतो, कुणाच्या तरी मानेवर उतरतो आणि झोपेत चिरडला जातो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण त्याच्या अंगातला रस त्वचेला लागला, की दिवसा-दोन दिवसांनी लाल पट्टा उठतो आणि त्यावर फोड येतात. घरातले म्हणतात, नागीण झाली.

रोव्ह बीटलच्या कुळात 60 हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. जगातले सगळे पक्षी मोजले तरी जाती भरतात साधारण 11 हजार. आपला हा नारिंगी-निळा पेडेरस या प्रजातीतला, आणि त्या एका प्रजातीतच शेकडो जाती. त्यातल्या कितीतरी जातींनी हाच वेश घातलेला. धानात सर्रास सापडणारी जात पेडेरस फ्युसिपेस. तिचा मुलूख इंग्लंडपासून जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. भारतातल्या या कुळावर माल्कम कॅमेरॉन या इंग्रज नौदलातल्या डॉक्टराने 1930 ते 1939 या काळात चार खंड लिहिले.

यातली नेमकी जात ओळखायची, तर आधी एक तोतया बाजूला काढू. धानात ओफिओनिया नावाचा दुसराच भुंगेरा फिरतो. तोही सडपातळ, लालसर आणि निळा-काळा, आणि तोही शिकारी. पाने गुंडाळणाऱ्या अळीला तो तिच्या गुंडाळीत शिरून खातो. पण त्याचं कूळ वेगळं, आणि ते ओळखायला भिंगही लागत नाही. ओफिओनियाची पाठ कडक पंखांनी जवळजवळ पुरती झाकलेली असते. पेडेरसचे कडक पंख आखूड असतात, त्यामुळे पोटाचा मोठा भाग उघडा राहतो.

मग एवढ्याशा झाकणाखाली उडायचे लांबलचक पंख मावतात कसे? जपानी संशोधकांनी 2014 साली अशाच एका रोव्ह बीटलचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. तेव्हा दिसलं, की डाव्या आणि उजव्या पंखाच्या घड्या सारख्या नसतात. दोन्ही पंख एकावर एक ठेवून, पोटाने ढकलत, वेगवेगळ्या रेषांवर मुडपले जातात. मी तरी एवढी चतुर घडी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हे आखूड झाकण जात ओळखायलाही उपयोगी पडतं. फ्युसिपेसमध्ये ते मानेपेक्षा लांब असतं. युरोपातल्या त्याच्या लिट्टोरॅलिस या न उडणाऱ्या भावकीत ते तोकडं. पायांवरचा काळेपणा कुठवर आहे, पाठीवरचे खड्डे किती दाट आहेत, हेही पाहतात. तरी शंका उरतेच. रंग तर एकाच जातीत थोडाफार बदलतो. तेव्हा किडा उलटा करायचा. नराच्या पोटाखालच्या एका पट्टीला मागच्या कडेने खोल खाच असते, मादीला नसते. नर सापडला, की सूक्ष्मदर्शकाखाली सुईने त्याचा जननेंद्रियाचा भाग अलगद बाहेर काढायचा. मिलिमीटरभराचा तो अवयव प्रत्येक जातीत आपल्या घाटाचा असतो. कुठे टोक वळलेलं, कुठे बाजूचा काटा लांब. तपासून झालं, की तो त्याच किड्याच्या टाचणीवर, त्याच्याखाली लावून ठेवायचा. दोघांची ताटातूट झाली, तर नमुन्याची साक्ष निम्मी झाली. शार्प आणि म्यूर यांनी 1912 साली भुंगेऱ्यांच्या नरांच्या या अवयवांची तुलना मांडली, तेव्हापासून या कामाला बळ आलं. किड्यांच्या अनेक गटांत बाहेरचं रूप तसंच राहतं आणि बदल मात्र इथे झपाट्याने होत जातो. भडक वेश बहुधा शत्रूला बजावण्यासाठी असावा, आणि ती दहशत सगळ्यांनी मिळून वापरली तर हरकत काय?

एवढं करून जात पक्की झाली, तरी एक पेच उरतोच. अंगावर फोड आणणारं पेडेरिन हे विष 1953 साली इटलीत वेगळं काढलं गेलं. ते हा किडा स्वतः बनवत नाही. यॉर्न पील यांनी 2002 साली त्या विषाची जनुकं शोधली, तेव्हा ती किड्याच्या पोटातल्या एका जिवाणूची निघाली. त्याच घडणीची रसायनं समुद्रातल्या स्पंजांमध्येही सापडली आहेत. आणि हा जिवाणू सगळ्याच माद्यांजवळ नसतो. ज्यांच्याजवळ असतो, त्यांची अंडी विषारी होतात. त्यातून निघालेल्या अळीला लांडगा कोळी तोंड लावतो आणि सोडून देतो. ज्यांच्याजवळ नसतो, त्यांच्या अळ्या तो खाऊन टाकतो. अशा दोन माद्या शेजारी ठेवल्या, तर रंग, पाय, पंख, आतले अवयव, कशातच फरक दिसत नाही. मात्र बिनविषारी मादीच्या अळीने विषारी मादीचं अंडं खाल्लं, तर तिच्यातही जिवाणू रुजतो आणि मोठी झाल्यावर ती आपल्या अंड्यांत विष भरू लागते.