व्हिडिओ चालतो, मग दाखलाच का अपलोड होत नाही?

माधवनगरला शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरायला आम्ही मुलांसोबत बसतो. पत्र्याच्या एका घरात बारावी झालेली मुलगी मोबाईलवरून जातीचा दाखला अपलोड करत होती. गोल चक्र फिरत राहिले आणि शेवटी ‘सेशन संपले’ असे आले. असे तीन वेळा झाले. ती म्हणाली, “ताई, व्हिडिओ तर चालतोय की. मग दाखलाच का जाईना?”

आपण ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून मोकळे होतो. कधी ते खरेही असते. पण या प्रश्नाचे अर्धे उत्तर टॉवरवर आहे, आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे.

टॉवरकडे हवेतली जागा ठराविक असते. ४जी मध्ये ती छोट्या ठोकळ्यांत वाटलेली असते. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे ५० ठोकळे असतात आणि दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, ते कोणत्या फोनला द्यायचे हे नव्याने ठरते. हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला शेड्युलर म्हणतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रेंज फुल्ल दिसते आणि नेट मात्र हलत नाही, हा अनुभव अनेकांना आहे. तिथे सिग्नल असतो, वाटायला ठोकळे पुरत नाहीत.

आता दाखल्याकडे येऊ. फोन फाईलचे तुकडे करून पाठवतो. तुकडा नीट पोहोचला का हे टॉवर तपासतो आणि ‘मिळाला’ किंवा ‘नाही मिळाला’ असे कळवतो. मिळाला नसेल तर नेहमीच्या ४जी व्यवस्थेत फोन ८ मिलिसेकंदांनी तोच तुकडा पुन्हा पाठवतो. बिघडलेला तुकडाही टाकून देत नाहीत. तो जपून ठेवतात, नंतर आलेल्या तुकड्याशी जुळवतात आणि दोन्हींतून मिळून मजकूर वाचतात.

जत-आटपाडीकडचा उन्हाळ्यातला टँकर आठवा. हंडा वाटेत हिंदकळून अर्धा झाला, तर बाई उरलेले पाणी ओतून देत नाही. ती परत येऊन हंडा भरून घेते. पण ते वरचे पाणीही त्याच टँकरमधले असते आणि मागे रांग उभी असते. पुन्हा पाठवण्याची खरी अडचण हीच आहे. प्रत्येक दुसरी खेप दुसऱ्या कोणाच्या तरी पहिल्या खेपेच्या जागेतून जाते.

तुकडा बिघडणारच नाही इतके जपून का पाठवत नाहीत? कारण तसे केले तर प्रत्येक तुकड्याला जास्त ठोकळे लागतात आणि एकूण जागा वाया जाते. म्हणून पहिल्या खेपेत साधारण दहात एक तुकडा बिघडेल, असाच हिशेब धरलेला असतो.

मग ही दुसरी खेप कुठे बसवायची? ४जी मध्ये फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या वाटेवर ती ठरलेल्या वेळी आणि सहसा त्याच ठोकळ्यांवर जाते. वेगळा आदेश द्यावा लागत नाही, पण ती जागा अडकून पडते. ५जी मध्ये दर खेपेला जागा आणि वेळ नव्याने ठरवता येते. कारखान्यातल्या यंत्रासारख्या ठिकाणी, जिथे उत्तराची वाट बघायलाही सवड नसते, तिथे उत्तर न मागता तोच तुकडा आधीच दोन-चार वेळा पाठवतात. म्हणजे वेळ वाचवायला जागा खर्च करायची.

आता त्या मुलीचा प्रश्न. टॉवर काही दहा वॅटने बोलतो, आपला फोन फार तर ०.२ वॅटने. म्हणून व्हिडिओ खाली येतो, पण दाखला वर जात नाही. त्यात पत्रा रेडिओ लहरी परतवतो. अशा घरातल्या फोनला तेवढ्याच मजकुरासाठी जास्त ठोकळे लागतात आणि खेपाही जास्त होतात. काही खेपांनंतर ही पातळी हात टेकते, काम वरच्या पातळीवर जाते आणि तोवर वेबसाईटची वेळ संपते.

शेड्युलरने फक्त चांगल्या सिग्नलवाल्यांना जागा दिली तर टॉवरचा एकूण वेग सर्वांत जास्त दिसतो आणि कडेचे उपाशी राहतात. सगळ्यांना सारखा वेग द्यायचा म्हटले तर कडेचेच बहुतेक जागा खातात. म्हणून मधला मार्ग वापरतात: तुला आत्ता किती मिळू शकते आणि आजवर सरासरी किती मिळाले, याचे गुणोत्तर बघायचे. कडेच्याला किती झुकते माप द्यायचे, ही सेटिंग मात्र माणसेच ठरवतात. शेड्युलरला जात कळत नाही, त्याला फक्त सिग्नल कळतो. पण पत्र्याचे घर कोणाच्या वाट्याला येते आणि टॉवर कोणत्या वस्तीपासून लांब राहतो, हे समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत. अर्ज भरताना फोन घराबाहेर किंवा गच्चीवर न्या, फाईल लहान करा, गर्दीची संध्याकाळ टाळा. वस्तीजवळ टॉवर कुठे आहे ते सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर दिसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे वेबसाईटवर द्यायचे आहेत. नकाशात सेवा दाखवली आहे आणि घरात अपलोड होत नाही, असे असेल तर जागा, तारीख, वेळ आणि वेगाचा स्क्रीनशॉट जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दहा घरांच्या नोंदी एकत्र असतील तर ‘तुमचा फोनच खराब आहे’ असे सांगून कोणाला परत पाठवता येणार नाही.

त्या मुलीचा दाखला शेवटी रात्री अकराला गेला, रस्त्यावर उभे राहून. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.