पडून उठणारी बाहुली



लहान मुलाने ढकलावे, आडवे पाडावे आणि हात काढताच जिने डोलत डोलत पुन्हा ताठ उभे राहावे, अशी एक बाहुली तंजावरच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तिला हात नसतात, पाय नसतात. असतो तो गोल घेरदार तळ, त्यावर रंगवलेले अंग आणि वर मुकुट धारण केलेले हसरे मुख. राजा आणि राणी अशी तिची जोडी असते. बाहुली करण्याच्या छंदाविषयी आज बोलावयाचे ठरवले, तेव्हा मला आरंभ करण्यास हिच्याहून योग्य कोणी दिसेना; कारण ही बाहुली केवळ पाहण्याची नाही, समजून घेण्याची आहे, आणि ती समजण्याचा खरा मार्ग एकच: आपण स्वतः एक करून पाहणे.

प्रथम ही कला जेथे रुजली ती भूमी पाहू. कावेरी सह्याद्रीतून निघते आणि पूर्वेकडे समुद्राजवळ पोचता पोचता अनेक शाखांत विभागते. या शाखांच्या मधला प्रदेश म्हणजे तंजावर, कुंभकोणम, तिरुवारूर आणि मायिलाडुतुरै यांच्या भोवतालची भातशेतीची गावे. नदीने शतकानुशतके आणून टाकलेला गाळ हीच येथील दौलत. त्या गाळावर भात पिकते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच गाळाने येथील हातांनाही काम दिले आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथील मूर्तिकार मेणाच्या मूर्तीवर प्रथम थापतात ती कावेरीची बारीक माती, कारण मेणावरची सूक्ष्मातली सूक्ष्म रेघ ती उचलते. मग मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात. तमिळ गावांच्या वेशीवर अय्यनार देवापुढे उभे असलेले मातीचे घोडेही कुंभारांच्याच हातचे. तेव्हा या मुलखात घरोघरी मातीच्या बाहुल्या आल्या, यात नवल नाही.

या भूमीशी आपला मराठी माणसांचा संबंध जुना आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत चालले. १७९८ ते १८३२ या काळातील दुसरे सरफोजी राजे यांच्या ग्रंथप्रेमाची साक्ष सरस्वती महाल ग्रंथालय देते, आणि त्यांच्याच काळातील, भोसले कुळाचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतींवर आजही उभा आहे. राज्य गेले, पण त्याबरोबर गेलेली घराणी तेथेच राहिली. त्यांची मराठी तमिळच्या सहवासात निराळ्या वळणाची झाली, त्यांच्या स्वयंपाकघरात दोन्ही मुलखांच्या चवी एकत्र नांदू लागल्या, आणि नवरात्रात त्यांच्या घरीही बाहुल्यांचा कोलू मांडला जाऊ लागला.

कोलू म्हणजे दरबार. महालयाच्या अमावास्येच्या सुमारास घरात पायऱ्यांची मांडणी करतात. पायऱ्यांची संख्या विषम असते: तीन, पाच, सात किंवा नऊ. त्यांवर शुभ्र वस्त्र अंथरून वरच्या पायऱ्यांवर कलश आणि देवदेवता, त्याखाली संतमहंत व राजेरजवाडे, आणि त्याखाली नित्याच्या संसारातील माणसे मांडतात. मरप्पाची नावाची लाकडी नवरानवरीची जोडी असते. ती बहुधा मुलीला लग्नात माहेराहून मिळालेली. वाणी आणि वाणीण आपले इवलेसे दुकान मांडून बसलेली असतात. संध्याकाळी शेजारणी हळदीकुंकवास येतात, गाणे होते, वाटली जाणारी उसळ म्हणजे सुंडल हातात पडते. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली अलगद आडवी करून निजवतात, आणि दरबार उठतो. दर वर्षी निदान एक तरी नवी बाहुली यावी, असा संकेत आहे.

हे ऐकताना महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना चैत्रगौरीची आरास आठवली असेल. तीही पायऱ्यापायऱ्यांची, तिच्यातही खेळणी, आणि हळदीकुंकू तर आहेच. परंतु मला आपले लक्ष कोलूच्या सर्वांत खालच्या भागाकडे वेधावयाचे आहे. पायऱ्यांच्या पुढ्यात, जमिनीवर, मुले आपला गाव रचतात. त्यात तळे असते, देऊळ असते, वाट असते, आणि मातीत मोहरी किंवा मेथी पेरून उगवलेली हिरवी शेती असते. आपल्याकडे दिवाळीतल्या किल्ल्यावर अळीव पेरणारी मुले आणि ही मुले एकाच वयाची, एकाच आनंदाची. वरच्या पायऱ्यांवरील बाहुल्या कारागिरांच्या. खालचा गाव मात्र घरच्या हातांचा. छंदाची जागा तीच.

आता त्या पडून उठणाऱ्या बाहुलीचे मर्म पाहू. तिचा तळ अर्धगोल आणि जड असतो. वरचे अंग पोकळ आणि हलके. गोल वस्तू कलंडली की तिचा जमिनीवर टेकणारा बिंदू बाजूला सरकतो. बाहुलीचा भार जर गोलाच्या मध्याखाली असेल, तर तो टेकलेल्या बिंदूच्या मागे राहतो आणि तिला उलट दिशेने ओढतो. भार मध्याच्या वर असेल, तर तोच तिला आणखी पाडतो. सारी किमया एवढीच. शास्त्रज्ञ यास गुरुत्वमध्याचा नियम म्हणतील. तंजावरच्या कारागिराला तो बोटांनी ठाऊक असतो.

मला मात्र तो बोटांनी ठाऊक नव्हता. मी केलेली पहिली बाहुली एका कुशीवर निजली ती उठलीच नाही. दुसरी उठली, पण आठ दिवसांनी तिच्या पोटात खुळखुळ वाजू लागले. तळाशी भरलेली ओली माती वाळून आक्रसली होती आणि सुटून फिरत होती. या दोन्ही चुका टाळून घरी बाहुली कशी करावी, ते सांगतो.

जुनी वर्तमानपत्रे बारीक फाडून रात्रभर पाण्यात भिजत ठेवावी. सकाळी तो लगदा कुटून, पिळून, त्यात साबुदाण्याची किंवा मैद्याची घट्ट खळ मिसळावी आणि कणकेसारखा मळावा. पुस्तकबांधणीवाले खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या हातचे काम असेल तेथे ते टाळावे व बाहुली पुरती वाळवण्याकडेच लक्ष द्यावे. मग दहा सेंटिमीटर व्यासाचे, गोल बुडाचे एखादे वाडगे घेऊन त्यास आतून तेलाचा हात लावावा आणि लगद्याचा सारखा थर दाबून बसवावा. हा झाला तळ. तो आधी सावलीत व मग उन्हात वाळू द्यावा; घाई केली तर तडकतो. वरच्या अंगासाठी जाड कागदाचा शंकू करून त्यावर लगद्याचा अगदी पातळ लेप द्यावा. डोक्यासाठी कागदाचा पोकळ गोळा पुरतो. वजनासाठी मातीचा गोळा निराळा करून तो पूर्ण वाळू द्यावा, आणि वाळल्यावरच लगद्याने तळाच्या बरोबर मध्यावर चिकटवावा. एवढे केले म्हणजे खुळखुळ होत नाही.

सांधण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. दोन्ही भाग दोऱ्याने तात्पुरते बांधून बाहुली एका पट्टीच्या कडेवर आडवी तोलून पाहावी. जेथे ती तोल धरते, ते स्थान बुडापासून पाच सेंटिमीटरांच्या आत असले पाहिजे, कारण दहा सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा मध्य तेवढ्याच उंचीवर असतो. तसे नसेल, तर खाली वजन वाढवावे किंवा वरचे अंग हलके करावे. बहुतेकांचा मोह वरचे अंग सजवण्याकडे असतो. मुकुट मोठा, मणी जड, आणि मग बाहुली उठत नाही म्हणून तक्रार. माझ्या पहिल्या बाहुलीचे असेच झाले होते.

सांधा वाळला की पॉलिशकागदाने घासून, खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून तिचे दोन हात द्यावे, पुन्हा घासावे आणि मग रंगवावे. प्रथम अंगाचा रंग, मग वस्त्र, मग दागिने, आणि डोळे सर्वांत शेवटी. मूर्तिकारांचाही क्रम हाच. डोळे उघडले की काम संपले.

तंजावरची दुसरी प्रसिद्ध बाहुली म्हणजे मान डोलावणारी नर्तकी. तिला तमिळमध्ये तलैयाट्टी बोम्मै म्हणतात. तिचे पाय, घागरा, धड आणि शिर हे भाग निरनिराळे केलेले असतात आणि ते एकमेकांस चिकटवलेले नसून आधारावर टेकलेले असतात. म्हणून फुंकर घातली तरी ती मान डोलावते आणि कंबर लचकवते. येथेही नियम तोच आहे. घरी नुसती डोलणारी मान करावयाची असेल, तर मानेतून आडवी तार घालून ती खांद्यांवर टेकवावी आणि मानेचा दांडा खाली पोकळ अंगात लोंबता ठेवून त्याच्या टोकाला मातीचा मणी लावावा. मण्याचा भार डोक्याच्या भारावर थोडासाच मात करील, तर मान सावकाश, राजेशाही डोलते. मणी फार जड झाला, तर ती घाईघाईने हलून थांबते. एक चिमूट माती कमीअधिक करून हा फरक ज्याने अनुभवला, त्याला बाहुलीची चाल ठरवण्याचे सुख कळले.

सर्वांनाच माती आणि लगदा यांचा छंद जमेल असे नाही. अलीकडे लोकरीपासून ससे, पक्षी, मेंढ्या घडवण्याचा छंद पुष्कळ देशांत रुजला आहे. लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. केस एकमेकांत गुंतले की ते खवले अडकतात आणि लोकर घट्ट होते. काश्मीरचे नमदे ओल आणि घर्षण यांनी असेच होतात. छोटी जनावरे मात्र बारीक काटेरी खाचा असलेल्या सुईने लोकरीचा पुंजका पुन्हा पुन्हा टोचून घडवतात. ही सुई मुळात कारखान्यातली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती छांदिष्टांच्या हाती आली. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असली, तरी अशा जनावराच्या अंतर्भागास ती चालते. सुई अत्यंत टोकदार असते, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नये. त्यांच्यासाठी आजीची चिंध्यांची बाहुली आणि पोळ्याचा मातीचा बैल आहेतच. सामग्री मुलखामुलखाप्रमाणे बदलते. नदीकाठी माती, कुरणात लोकर, घरात चिंध्या.

आता शेवटचा प्रश्न. बाजारात तयार बाहुली मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? तंजावरच्या बाहुलीस २००८-०९ या वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाचे रक्षण झाले, हे चांगलेच झाले. परंतु नाव राखल्याने हात राखले जातात असे नाही. साच्यातून भराभर निघणारी प्लॅस्टिकची बाहुली स्वस्त असते, आणि दोहोंतला फरक ज्याला दिसत नाही, तो स्वस्त तीच घेणार. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या डोळ्याला कोणी शिकवलेलेच नाही. ज्याने एकदा लगदा मळला, तडा गेलेला तळ पुन्हा लिंपला, पाच सेंटिमीटरांचे गणित जुळवले, तो कारागिराच्या हातची बाहुली हाती घेताच आधी तिचा सांधा पाहतो, तिला कलंडवून बघतो आणि तिची किंमत कमी करून मागताना अडखळतो. घरचा छंद कारागिराच्या पोटावर पाय देतो, अशी काहींना भीती वाटते. माझे मत उलट आहे. कारागिराला जाणते गिऱ्हाईक मिळते ते अशाच घरांतून.

आणि तंजावरच्या मराठी घरांपुरते बोलावयाचे, तर आणखी एक गोष्ट आहे. त्यांतील अनेक कुटुंबे आता चेन्नईस, बंगळूरास, त्याहूनही दूर गेली आहेत. शाळेची भाषा निराळी, शेजाऱ्यांची निराळी. मळणे, लिंपणे, घासणे, सुकवणे, सांधणे हे शब्द पुस्तकातून शिकवून टिकत नाहीत. आजीने मुलाच्या हातात लगदा दिला आणि ‘अरे, अजून मळ’ म्हटले, की ते आपोआप रुजतात. नवरात्रापूर्वीचे ते आठ दिवस म्हणजे भाषेचीही शाळाच होय.

कोलूच्या सात पायऱ्यांचे कौतुक सर्वच करतात. येत्या नवरात्रात त्यांच्या पुढ्यात, जमिनीवर, घरच्या मुलाने केलेली एक वेडीवाकडी बाहुली ठेवा. ती इतर बाहुल्यांइतकी सुंदर नसेल. तिला एकदा हळूच पाडा, आणि ती उठते का ते पाहा. उठली नाही, तर तळाशी थोडी माती आणखी घाला.