पांढरी कफनी, गोणपाट आणि लाल आलवण

राहाता तालुक्यातल्या दोन शेजारच्या गावांत वैराग्याची दोन वस्त्रं ओळखीची आहेत. शिर्डीच्या साईबाबांची (निर्वाण १९१८) पांढरी कफनी आणि साकुरीच्या उपासनी महाराजांचं कमरेभोवतीचं गोणपाट. संन्याशाच्या भगव्याशिवायही त्याग दिसतो, तो असा. गोणपाटासारखंच जाडंभरडं कापड अंगावर घेणं ही बायबलमध्ये शोकाची आणि पश्चात्तापाची खूण आहे. आणि कफनीचा पांढरा रंगही इतरत्र भेटतो: मुसलमानांचं कफन आणि हजयात्रेतल्या पुरुषांचा इहराम, दोन्ही पांढरी.

मात्र विधवेचा रंग सगळीकडे पांढराच, हा समज महाराष्ट्रापुरता तरी चुकीचा आहे. इथल्या ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेला लाल आलवण नेसावं लागे. म्हणजे सौभाग्याच्या कुंकवाचा रंग तिच्या कपाळावरून पुसायचा आणि त्याच रंगाच्या लुगड्यात तिला जन्मभर गुंडाळायचं! या क्रौर्याचं खापर रंगावर फोडता येत नाही. अर्थ माणसांनीच लादला. युरोपात हीच सक्ती काळ्या रंगाची होती. व्हिक्टोरिया राणीने १८६१ मध्ये नवरा गेल्यावर काळे कपडे घातले, ते १९०१ पर्यंत, मरेपर्यंत. आपल्याकडे तोच काळा रंग संक्रांतीला नवी नवरी हलव्याच्या दागिन्यांसोबत हौसेने नेसते.