राइसप्लेट : नाव भाताचे, माप जेवणाचे

मुंबईहून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणाऱ्या वाटा जेथे फुटतात त्या पनवेल परिसरातील खाणावळींच्या फलकांवर ‘राइसप्लेट’ हा शब्द हमखास आढळतो, आणि त्याचा अर्थ ‘भाताची बशी’ असा शब्दशः घेणाऱ्याची फसगत होते. राइसप्लेट म्हणजे ठरलेल्या दरात, ठरलेल्या मापाने, एकदाच वाढून आणलेले पुरे जेवण : दोन-तीन चपात्या, एखादी भाजी, आमटी, लोणचे, पापड आणि भाताची मूद, म्हणजे वाटीने दाबून पालथा घातलेला भात. भात खाल्ल्याशिवाय जेवण झाले असे न मानणाऱ्या रायगड जिल्ह्यात या नावाचे कोणाला नवल वाटत नाही.

नुसत्या ‘प्लेट’चा व्यवहार याहून गमतीचा आहे. इडलीची प्लेट बहुधा दोन नगांची असते, भज्यांची मात्र गाडीवाल्याच्या हाताला येईल तेवढी, आणि ती कागदात बांधून नेली तरी मागणी ‘एक प्लेट भजी पार्सल’ अशीच होते. म्हणजे येथे भांडे उरलेले नसून केवळ माप उरलेले आहे. ‘थाळी’चेही तसेच झाले आहे. संस्कृतातील ‘स्थाली’ हे अन्न शिजवण्याचे भांडे (शितावरून भाताची परीक्षा सांगणारा स्थालीपुलाकन्याय त्यावरूनच आला), पण थाळी म्हणजे आज आधी जेवण आणि मग भांडे. वाढपी पुन्हापुन्हा फिरतो ती थाळी आणि एकदाच वाढली जाते ती राइसप्लेट, हा भेद पूर्वापार सांगितला जात असला तरी तो आता ढिला झाला आहे, कारण सुरमई थाळीत तळलेली तुकडी मोजूनच मिळते.

घरच्या ताटाला असे माप नसते. तेथे ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार जेवणाऱ्याचा, आणि तो सहजासहजी मान्य न करण्याचा वाढणाऱ्याचा. याच्या अगदी उलट टोक राज्य शासनाच्या शिवभोजन थाळीत दिसते. 26 जानेवारी 2020 रोजी 10 रुपये दराने सुरू झालेल्या या थाळीत 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि 150 ग्रॅम भाताची एक मूद ठरवण्यात आली, आणि स्वयंपाकघरातल्या मुदीला असे सरकारी वजन लाभले.

खाजगी हॉटेलांत मात्र ‘राइसप्लेट’ किंवा ‘थाळी’ या नावावरून मापाची खात्री देता येत नाही. तेव्हा भात लिमिटेड की अनलिमिटेड, हे ग्राहकाने बसण्याआधीच विचारून घेतलेले बरे.