खाऊनही वजन घटतंय? थायरॉईड तपासून घ्या

पालकसभेला आलेल्या एका बाजींना मी ओळखलंच नाही. बाळंतपणाला पाच महिने झालेले, जेवण भरपूर, तरी अंग पार उतरलेलं. सही करताना हात थरथरत होता. घरातले म्हणायचे, नजर लागली. रक्त तपासलं, तेव्हा थायरॉईड वाढलेला निघाला.

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. शरीराची चूल किती पेटवायची, ते ती ठरवते. तिचा स्राव जास्त झाला की धडधड, घाम, चिडचिड, जुलाब सुरू होतात, झोप उडते, पाळी कमी येते.

धोका कुणाला जास्त?

पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी पट जास्त. अम्मी, बहीण किंवा खालाला थायरॉईडचा त्रास असेल, तर आणखी जास्त. सर्वांत मोठं कारण म्हणजे ग्रेव्हज आजार. यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला डिवचत राहते. टाईप १ मधुमेह किंवा आमवात असलेल्यांनीही सावध राहावं. बाळंतपणानंतरचं पहिलं वर्ष तर विशेष जपायचं.

साठीनंतर ग्रंथीत गाठी होऊनही हा त्रास होतो. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी नुसता अशक्तपणा आणि अनियमित ठोके एवढंच दिसतं. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

विडी-सिगारेटने ग्रेव्हजचा धोका वाढतो आणि त्यातला डोळ्यांचा त्रास बळावतो. हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडारोन गोळी, आयोडीनची जादा औषधं, आणि वजन उतरावं म्हणून मनाने घेतलेली थायरॉईडची गोळी, ही पण कारणं आहेत. आयोडीनचं मीठ मात्र बंद करू नका. गलगंड रोखण्यासाठी देशात १९६२ पासून त्याचा कार्यक्रम चालू आहे.

तपासणी साधी, रक्ताची. एक घोळ नेहमी होतो: टीएसएच कमी आलं म्हणजे थायरॉईड कमी, असं लोक समजतात. बहुतेक वेळा उलट असतं. ग्रंथी जास्त चालली की टीएसएच खाली जातं. म्हणून रिपोर्ट डॉक्टरांनाच दाखवा.

दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर आधी सांगा. गोळी बदलावी लागू शकते. उपचाराविना गर्भपाताचीही भीती असते. गोळ्या चालू असताना ताप आणि घसा दुखला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रमजानमध्ये रोजा ठेवण्याआधी गोळीची वेळ विचारून घ्या. मनाने बंद करू नका.

दुआ जरूर करा, पण तपासणीही करा. बाजींचे पाच महिने वाया गेले, तुमच्या घरात जाऊ नयेत.