भोक लहान, ऑपरेशन तेवढेच

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले की घरात लगेच सल्ला निघतो: दुर्बिणीतून काढून टाका, दोन दिवसांत घरी. सल्ला चुकीचा नाही, पण त्यात एक गफलत आहे. लहान असते ते पोटावरचे भोक. आतले काम लहान नसते. कार्ल लांगेनबुख या सर्जनने १८८२ मध्ये बर्लिनमध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले, तेव्हा जे करावे लागले तेच आजही करावे लागते. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी बंद करून कापायची आणि यकृताला चिकटलेली पिशवी सोडवायची. फरक एवढाच की पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवून बेंबीपाशी कॅमेरा घालतात, बहुधा आणखी तीन भोकांतून अवजारे चालवतात आणि सुटलेले पित्ताशय त्यांतल्याच एका भोकातून बाहेर घेतात. हा फायदा किरकोळ नव्हे. उजव्या बरगडीखालचा लांब काप प्रत्येक श्वासाला आणि खोकल्याला दुखतो, आणि माणूस कित्येक आठवडे कामावर जात नाही.

हा फायदा सर्जनांनाही लगेच पटला नव्हता. जर्मनीत बोब्लिंगेन इथे एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये असे पहिले ऑपरेशन केले, तर त्यांच्याच व्यवसायबंधूंनी ते थट्टेवारी नेले. पुढे फ्रान्समधल्या सर्जनांनी ही पद्धत जगापुढे आणली आणि मग लाटच आली. मुंबईच्या डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० मध्ये भारतातले असे पहिले ऑपरेशन केले. मात्र निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्याचा जवळपास दोन दशकांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. लाटेवर स्वार झालेल्या सगळ्यांपाशी तो नव्हता, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. पित्ताशयाच्या नळीऐवजी यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिकाच कापली जाणे हा या ऑपरेशनातला सर्वांत वाईट अपघात. पोट उघडून करताना तो हजारात एक-दोघांना होई. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत हे प्रमाण पाचाच्या आसपास गेले. सूज आलेली असली की दोन नळ्या एकमेकींना चिकटतात, सर्जनचा हात थेट आत नसतो आणि पडद्यावर दिसणारे चित्र फसवते. १९९५ मध्ये अमेरिकी सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी यावर एक शिस्त सांगितली: चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापू नका.

मग जुना मोठा कापच बरा, असे कुणी म्हणेल. तसे नाही, बहुतेकांसाठी दुर्बीणच योग्य. पण आत नीट दिसत नसेल तर सर्जनने पोट उघडणे हे अपयश नव्हे, आणि ‘दुर्बिणीचे ठरले होते, मग टाके एवढे का?’ म्हणून नातेवाइकांनी भांडण्याचे तर मुळीच कारण नाही.

खरी अडचण आधीच्या पायरीवर आहे. भोक लहान झाले तसा ऑपरेशनाचा उंबरठाही खाली आला. आरोग्य तपासणीत सहज सापडलेले, कधीही न दुखलेले खडे ‘राहू द्यायचे कशाला’ म्हणून काढले जातात. मिशिगन विद्यापीठातल्या अशा १२३ जणांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. वीस वर्षांत त्रास झाला तो सुमारे १८ टक्क्यांना. त्यावर युक्तिवाद असतो की उद्या वय वाढेल, मधुमेह होईल, मग आजच का नको? कारण पाचातल्या चौघांना जे बहुधा कधी लागणारच नाही त्यासाठी भूल आणि नलिकेचा तो थोडासा धोका आजच पत्करावा लागतो. अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, सेंटिमीटरहून मोठा पॉलिप किंवा पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेला गंगेकाठचा प्रदेश. तिथे डॉक्टर वेगळा विचार करतात.

ज्याला जेवणानंतर बरगडीखाली कळ येऊन पाठीत जाते, त्याने मात्र चूर्णे घेत बसू नये. खडा नळीत उतरला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. नुसते खडे काढून पिशवी ठेवण्याची मागणीही डॉक्टर मानत नाहीत, कारण खडे त्या पिशवीतच पुन्हा तयार होतात.