पंचनामा नीट, तर दावा नीट

किनवट-माहूर रस्त्याच्या एका वळणावर ट्रकने दुचाकीला धडक दिली होती. जखमीला गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात हलवलं होतं. रस्त्यावर जमादार पंचनामा करत होते आणि मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

दोन पंचांनी टेप धरली. टायर घासल्याची काळी रेघ किती लांब, ती रस्त्याच्या कडेपासून किती आत, डांबर संपून मुरूम कुठं लागतो, इंडिकेटरच्या काचा कुठं विखुरल्या, हे सगळं मोजून दिशेसकट लिहिलं गेलं. मग कच्चा नकाशा आणि पंचांच्या सह्या. ट्रक आपली बाजू सोडून आला होता की नाही, हे पुढे याच कागदावरून ठरतं. पाऊस पडला की ती रेघ पुसून जाते.

गर्दीतून सल्ला आलाच, "कोर्टकचेरी कशाला, आपसात मिटवून घ्या." खेड्यातल्या माणसाचं नुकसान इथंच होतं. ट्रकचा थर्ड पार्टी विमा चालू असेल, तर भरपाई विमा कंपनी देते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वय, कमाई आणि घरातली खाणारी तोंडं धरून हिशोब होतो. ३५ वर्षांचा कमावता माणूस गेला, तर त्याच्या वार्षिक कमाईतून स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला १६ ने गुणतात. गाडी ठोकर मारून पळाली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. पण न्यायाधिकरणातल्या दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

अपघातासाठी निदान ही वाट आखलेली आहे; रस्त्यात कुत्रा चावला, तर अशी सरळ वाट नाही. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत मालकाचा हलगर्जीपणा दिसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा नोंदवता येतो. भरपाईसाठी मात्र दिवाणी दावा वेगळा. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, पण कुत्रा चावलेल्या माणसासाठी वेगळं न्यायाधिकरण नाही आणि विमाही नाही. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये ठरवून दिले. महाराष्ट्रातही असा ठरीव दर हवा. रस्त्यावरच्या खड्ड्यात जीव गेला, तर ६ लाख रुपये द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलंच आहे. मग चाव्यालाच का नाही?

तोवर दोन्ही प्रसंगांत एवढं करा. चाव्याची जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. केसपेपर, लसीचं कार्ड, औषधांच्या पावत्या जपून ठेवा. अपघात असेल, तर जागेचे फोटो काढा, फिर्याद द्या, तिची प्रत मोफत मागून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.